दणकट कव्हर घातलंय? मग या चुका टाळा

वर्षभर मी फोनचं जाडजूड आर्मर कव्हर काढलंच नव्हतं. रोजचा रस्ता कच्चा, फोन गाडीच्या होल्डरवर. परवा सहज काढलं तर आत लाल धुळीची चौकटच उमटलेली, आणि कॅमेऱ्याभोवती केसाएवढ्या बारीक चऱ्यांचं जाळं. फोन एकदाही पडला नव्हता. आत शिरलेली धूळच वर्षभर पॉलिश पेपरसारखी घासत राहिली.

सगळ्यात मोठी चूक हीच, कव्हर चढवून विसरून जाणं. पंधरा दिवसांतून एकदा ते काढा. फोन मऊ कोरड्या कापडाने पुसा, कव्हर साबणाच्या पाण्याने धुवा. ओलं असताना घाईने परत चढवू नका; कोपऱ्यांतल्या खाचांत पाणी लपून बसतं.

कव्हर दोन भागांचं असेल तर आधी आतलं मऊ टीपीयूचं (रबरासारख्या प्लास्टिकचं) अस्तर फोनवर नीट बसवा, मग वरचं कडक कवच. एकसंध असेल तर बटणांची बाजू आधी सरकवा आणि मग उरलेले कोपरे दाबा. काढताना बटणं नसलेल्या बाजूचा कोपरा धरा. कॅमेऱ्याच्या भोकात बोट घालून ओढलंत तर तिथली बारीक कड पहिली फाटते. स्क्रू ड्रायव्हरचं तर नावच नको.

भाचा एकदा म्हणाला, “मामा, माझा फोन आपोआप स्क्रीनशॉट काढतो, व्हायरस शिरलाय बहुतेक.” व्हायरस कसला? कव्हर जरा वाकडं बसलं होतं आणि पॉवर व आवाज कमी करायचं बटण दोन्ही दाबली जात होती. फोन विचित्र वागायला लागला की दुकान गाठण्याआधी कव्हर काढून दहा मिनिटं वापरून बघा. समोरच्याला आवाज दबका जातो? माइकचं भोक झाकलं गेलंय का पाहा. रात्रीच्या फोटोत पांढुरकं धुकं येतं? फ्लॅशचा उजेड कव्हरच्या कडेवर आपटून लेन्समध्ये शिरत असेल. चार्जिंग मध्येच तुटतं? केबलचं जाड तोंड कव्हरला अडतंय, पिन पूर्ण आत जातच नाही. वायरलेस चार्जिंग होत नसेल तर मागची धातूची रिंग किंवा होल्डरची पत्री काढा. ती तशीच ठेवून चार्जिंग केलं तर पत्री तापते.

टेम्पर्ड ग्लासच्या कडा उचलल्या जात असतील तर दुकानदाराला नवीन ग्लास लावायला सांगून उपयोग नाही, तीही उचलली जाईल. कव्हरची कड तिला ढकलते. कडेपासून थोडी आत थांबणारी ग्लास मागा.

आता ‘मिलिटरी ग्रेड’बद्दल. या शिक्क्यामागे बहुतेक वेळा अमेरिकी सैन्याचं मिल-एसटीडी-८१० हे मानक असतं. त्यातल्या पाडण्याच्या चाचणीत वस्तू साधारण ४ फुटांवरून २६ वेळा पाडतात, तीही बहुतेकदा काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर, आणि हे २६ फटके पाच नगांपर्यंत वाटून दिलेले चालतात. आपल्या जिन्यातली शहाबादी फरशी प्लायवूड नाही. शिक्का बघण्याऐवजी फोन पालथा ठेवा: काच आणि टेबल यांच्यात फट दिसली पाहिजे. कव्हरच्या कडा झिजून फट गेली असेल, तर बाकीचं कव्हर कितीही धडधाकट दिसो, बदलाच.

जाड कव्हर उष्णताही धरून ठेवतं. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असं ॲपल सांगतं. विदर्भातल्या मे महिन्यात हा आकडा सकाळीच मागे पडतो. चार्जिंगला लावल्यावर फोन चटका देत असेल तर कव्हर उतरवून चार्ज करा.

आणि पाऊस. दणकट म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. भिजल्यावर चार्जिंगचं भोक कोरडं राहील म्हणून त्यावरचं रबरी झाकण बंद करू नका, त्याने ओल आत कोंडते. कव्हर काढा, भोक खाली धरून हलकेच झटका, वारा लागेल असं ठेवा. तांदळाच्या डब्यात नको; पिठूळ कण भोकात जाऊन अडकतात.