धावपत्रकाच्या कोपऱ्यातला आकडा

क्रिकेटचं स्कोअरिंग शिकायला बसलात की फॉलोऑन हा विषय लवकरच समोर येतो. टीव्हीवर कसोटी बघून वाढलेल्या माझ्या डोक्यात त्याचा एकच आकडा पक्का होता, 200. इंदुरात मी वही घेऊन मैदानावर बसायला लागले तेव्हा तो आकडा पहिल्यांदा हलला, आणि ज्या दिवशी हलला तो दिवस मी विसरलेले नाही.

आधी नियम. पहिल्यांदा फलंदाजी केलेल्या संघाला पहिल्या डावात पुरेशी आघाडी मिळाली, तर त्याचा कर्णधार समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवू शकतो; हाच फॉलोऑन. ‘पुरेशी’ म्हणजे किती, ते सामना किती दिवसांचा यावर ठरतं. पाच किंवा जास्त दिवस असतील तर 200, तीन-चार दिवसांना 150, दोन दिवसांना 100, आणि दोन्ही डाव एकाच दिवसात खेळायचे असतील तर 75. समोरचा संघ सर्वबाद झाला की त्याने डाव घोषित केला, याने फरक पडत नाही.

आता तो दिवस. सामना तीन दिवसांचा होता, पण आदल्या रात्रीच्या पावसाने मैदान चिखल झालं आणि पहिल्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला. पहिल्या संघाच्या 236 धावा झाल्या. तीन दिवसांना 150 ची आघाडी लागते, म्हणजे 149 ने मागे राहिलं तरी संघ वाचतो; म्हणून मी कोपऱ्यात लिहिलं, 236 वजा 149, म्हणजे वाचायला 87. दुसरा संघ 121 वर आटोपला. पहिल्या संघाचा कर्णधार धावत टेबलापाशी आला, “ताई, फॉलोऑन मिळतो का?” मी म्हटलं, “नाही, ते 87 च्या पुढे गेलेत.”

शेजारी दुसऱ्या संघाचे स्कोअरर बसले होते, केस पिकलेले काका. त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. “अगं, 149 कुठून आणलेस? काल खेळ झाला का?”

पहिला अख्खा दिवस वाया गेला, तर उरलेले दिवस मोजायचे. ज्या दिवशी खेळ सुरू होतो तो पूर्ण दिवस धरायचा, मग सुरुवात संध्याकाळी चारला का होईना. आमचा सामना त्यामुळे दोन दिवसांचा ठरला होता आणि लागणारी आघाडी 100. म्हणजे वाचण्यासाठी 137 हव्या होत्या, ते 115 धावांनी मागे होते, फॉलोऑन मिळत होता. पंचांनी तेच सांगितलं. काकांनी हटकलं नसतं तर माझ्या एका वजाबाकीने एका संघाचा हक्क गेला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी थोडा जरी खेळ झाला, तर नंतर कितीही पाऊस पडो, आकडा बदलत नाही. डिसेंबर 2024 मधली ब्रिस्बेन कसोटी आठवा. पहिल्या दिवशी जेमतेम 13.2 षटकं झाली, पण खेळ झाला होता, म्हणून 200 कायम राहिले. ऑस्ट्रेलियाच्या 445, वजा 199, म्हणजे भारताला 246 हव्या होत्या. 213 वर नववा गडी गेला आणि बुमराह-आकाशदीप जोडीने तो आकडा ओलांडला. ड्रेसिंगरूममधला तो आनंद समजायला ही वजाबाकी यावी लागते.

आणखी एक घोटाळा नवख्यांचा हमखास होतो. नंतर फलंदाजी करणाऱ्या संघाने कितीही मोठी आघाडी घेतली तरी तो फॉलोऑन नव्हे. आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर 2019 मध्ये बांगलादेशने आधी खेळून 150 केल्या, भारताने 6 बाद 493. बांगलादेश पुन्हा खेळायला आला तो आपल्या पाळीने, आणि भारत एक डाव आणि 130 धावांनी जिंकला.

त्याच मैदानावरची पहिलीवहिली कसोटी, 2016 ची, मी शाळकरी वयात बाबांसोबत पाहिली. भारत 5 बाद 557, न्यूझीलंड 299. आघाडी 258 ची, तरी कोहलीने पुन्हा भारतालाच फलंदाजीला उतरवलं. मला ते कळेना. बाबा म्हणाले, “गोलंदाजांना श्वास घेऊ दे, आणि चौथ्या डावात या खेळपट्टीवर आपल्याला खेळावं लागू नये.” पुजाराने नाबाद 101 केल्या, भारताने 3 बाद 216 वर डाव सोडला आणि न्यूझीलंड 153 वर संपला. सामन्यात अश्विनचे 13 बळी. उलट कोलकात्यात 2001 मध्ये भारतावरच्या 274 धावांच्या आघाडीवर ऑस्ट्रेलियाने फॉलोऑन दिला, लक्ष्मणने 281 केल्या, द्रविडने 180, आणि ऑस्ट्रेलिया 171 धावांनी हरली. फॉलोऑन ही सक्ती नाही, कर्णधाराचा हक्क आहे, आणि माझ्या मते दमलेल्या गोलंदाजांकडे न बघता तो वापरणं चूक. मात्र एकदा निर्णय कळवला की तो बदलता येत नाही. म्हणूनच टेबलावरून जाणारा आकडा बिनचूक लागतो.

नाणेफेकीआधी स्पर्धेचे नियम मागून वाचा, कारण स्थानिक स्पर्धांत आकडे वेगळे ठेवलेले असू शकतात. पहिला डाव संपला की वजाबाकी करा आणि शेजारच्या स्कोअररशी ताडून बघा. माझ्या वहीत आता त्या आकड्याच्या वर आणखी एक ओळ असते, पेन्सिलीने लिहिलेली: पहिला चेंडू कोणत्या दिवशी पडला.