चौकटीची वही घेऊन भुयारात: जुने डंजन क्रॉलर आज कसे खेळावेत

ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी संगणकाच्या पडद्यावर एकेक पाऊल टाकत दगडी भुयारे पालथी घातली, त्यांपैकी अनेक जण आज मोठ्या उत्साहाने तेच खेळ पुन्हा सुरू करतात आणि तासाभरात बंद करून टाकतात. सगळ्या भिंती सारख्याच दिसतात, कुठे जायचे ते कळत नाही आणि आठवणीत असलेली गोडी काही केल्या सापडत नाही. माझ्या मते यात खेळाचा दोष नसतो. या खेळांचा अर्धा भाग पडद्याबाहेर, कागदावर घडत असे, आणि नेमका तोच भाग आपण मागे सोडून आलेलो असतो. १९८१ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या ‘विझर्ड्री’पासून १९९१च्या ‘आय ऑफ द बिहोल्डर’पर्यंत या घराण्यातले बहुतेक नावाजलेले खेळ, खेळाडूच्या हातात पेन्सिल आहे असे धरूनच रचलेले होते. तेव्हा ती पेन्सिल पुन्हा हातात कशी घ्यावी, हे येथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: खेळ निवडणे

या प्रकाराचे तीन आधारस्तंभ आहेत. ‘विझर्ड्री’ हा अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना घडवलेला खेळ; सहा पात्रांचा चमू, दहा मजले, आणि लढाई आळीपाळीने. १९८७ साली एफटीएल गेम्सने अटारी एसटी संगणकासाठी काढलेल्या ‘डंजन मास्टर’ने सारे काही प्रत्यक्ष वेळेत आणले: आपण विचार करत उभे राहिलो तरी मशाल जळत राहते, पात्रांना भूक-तहान लागते, आणि दाराआडून येणारा शत्रू आपली वाट पाहत थांबत नाही. तिसरा ‘आय ऑफ द बिहोल्डर’. तो वेस्टवूडने घडवला आणि एसएसआयने प्रकाशित केला. त्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागदावर खेळल्या जाणाऱ्या खेळाचे नियम आहेत आणि वॉटरडीप या कल्पित शहराखालचे बारा मजले आहेत.

पुष्कळ वर्षांनी परतणाऱ्याने सुरुवात ‘आय ऑफ द बिहोल्डर’ने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. तो आजही रीतसर विकत मिळतो, पडद्यावर होकायंत्र कायम दिसत असते आणि त्याचे पहिले दोन-तीन मजले नवख्याला नकाशा काढायला शिकवतात. ‘विझर्ड्री’ अधिक कठोर आहे. त्यात पात्र मेले की ती नोंद लगेच डिस्कवर होते, त्यामुळे सराव झाल्याशिवाय तिकडे वळू नये. पुढील बहुतेक सूचना म्हणून ‘आय ऑफ द बिहोल्डर’ समोर ठेवूनच लिहिल्या आहेत.

दुसरी पायरी: मांडामांड

जीओजी या संकेतस्थळावर ‘फरगॉटन रेल्म्स: द आर्काइव्हज’ या संचात हा खेळ पुढील दोन भागांसह मिळतो, आणि जुन्या डॉस प्रणालीची नक्कल करणारा ‘डॉसबॉक्स’ त्यासोबत आधीच जोडलेला असतो. मूळ फ्लॉपीवरच्या फाइली जपून ठेवल्या असतील, तर त्या एका फोल्डरमध्ये ठेवून ‘माउंट’ आज्ञेने तो फोल्डर डॉसबॉक्समध्ये सी ड्राइव्ह म्हणून जोडता येतो. खेळ फार वेगाने पळत असेल तर कंट्रोल व एफ११ एकत्र दाबून गती कमी करावी आणि रेंगाळत असेल तर कंट्रोल व एफ१२ दाबून वाढवावी. माउस खिडकीत अडकून पडला तर कंट्रोल व एफ१० दाबल्यावर तो सुटतो.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. या पहिल्या भागाच्या डॉस आवृत्तीत सेव्ह करायला एकच जागा आहे; नवे सेव्ह जुन्यावर लिहिले जाते. म्हणून प्रत्येक मजला पूर्ण झाल्यावर सेव्हची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवावी. दुसरे म्हणजे, खेळासोबत मिळणारी माहितीपुस्तिका आधी पूर्ण वाचावी. आपल्याकडे त्या काळात हे खेळ बहुधा एका फ्लॉपीवरून दुसरीवर उतरवलेले येत आणि पुस्तिका सोबत नसे. कोणता मंत्र काय करतो हे त्यामुळे अंदाजानेच शोधावे लागे. आज ती पुस्तिका हाताशी असताना न वाचणे हे स्वतःचेच नुकसान आहे.

आता कागद. प्राथमिक शाळेतली गणिताची चौकटीची वही चालते, पण ‘आय ऑफ द बिहोल्डर’चा एक मजला ३२ बाय ३२ घरांच्या जाळीत बसवलेला आहे, आणि मोठ्या चौकटींच्या वहीच्या एका पानावर तेवढी घरे मावत नाहीत. त्यापेक्षा दहावीच्या बीजगणिताला लागतो तसा सुटा आलेख कागद घ्यावा आणि अर्ध्या सेंटिमीटरचे एक घर धरावे. मग ३२ घरांना १६ सेंटिमीटर जागा लागते आणि कडेला टिपणे लिहिण्यापुरता समास उरतो. एचबी पेन्सिल, चांगला खोडरबर आणि लाल-निळी रंगीत पेन्सिल एवढे पुरे. पेन वापरू नये. पहिल्या मजल्यावर निदान एकदा तरी अर्धा कागद खोडावा लागतो.

तिसरी पायरी: चमू बांधणे

चार पात्रे आपण घडवतो, आणि वाटेत भेटणाऱ्यांपैकी आणखी दोघांना सोबत घेता येते. पुढच्या रांगेतले दोघेच हातघाईची लढाई करू शकतात, म्हणून तेथे दणकट योद्धे ठेवावेत. मागे एक क्लेरिक आणि एक जादूगार असावा. क्लेरिक जखमा भरतो आणि पुढे अन्न निर्माण करण्याचा मंत्रही मिळवतो, त्यामुळे त्याच्यावाचून चालत नाही. पात्रांचे गुण हवे तसे वाढवण्याची सोय खेळात आहे. कागदावर खेळल्या जाणाऱ्या मूळ खेळातील आपले पात्र येथे आणता यावे, हा तिचा हेतू. तिचा गैरफायदा घेऊन सगळ्यांचे सगळे गुण १८ करू नयेत, असे मला मनापासून वाटते, कारण चार एकसारखे महारथी घेऊन फिरण्यात कोणाची काळजीही वाटत नाही आणि कोणाचा आधारही वाटत नाही.

चौथी पायरी: नकाशा

येथे घाई करू नये, कारण या खेळांचा खरा आनंद येथेच आहे.

सर्वप्रथम आपल्या खेळात भिंत कशी आहे ते ओळखावे. ‘विझर्ड्री’मध्ये भिंत ही दोन घरांमधली पातळ रेघ असते: शेजारशेजारच्या दोन घरांत दोन वेगळ्या खोल्या असू शकतात. ‘डंजन मास्टर’ आणि ‘आय ऑफ द बिहोल्डर’मध्ये मात्र भिंत स्वतःच एक अख्खे घर व्यापते. पहिल्या प्रकारात चौकटीच्या कडा गिरवायच्या असतात, दुसऱ्यात भिंतीचे घर भरून टाकायचे असते आणि मोकळे घर कोरे सोडायचे असते. हा फरक लक्षात न घेता सुरुवात केली, तर चार वळणांनंतर नकाशा स्वतःलाच आडवा जातो आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

उत्तर दिशा कायम कागदाच्या वरच्या बाजूला ठेवावी आणि चमू वळला तरी कागद फिरवू नये. मजला कोणत्या बाजूला किती पसरला आहे हे आधी ठाऊक नसते, म्हणून पहिले घर कागदाच्या मध्याजवळ धरावे. मग नियम एकच: एक पाऊल, एक नोंद. पुढे जावे, डावीकडे वळून पाहावे, उजवीकडे वळून पाहावे, जे दिसले ते काढावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. ‘आधी फिरून येतो, मग काढतो’ असे म्हणणाऱ्याचा नकाशा कधीच पुरा होत नाही. सुरुवातीला हे संथ वाटते. पण पहिल्या मजल्यावरच्या गटारांत कोबोल्ड आणि भल्यामोठ्या जळवा यांच्याशी गाठ पडेपर्यंत हात आपोआप चालू लागतो.

खुणा प्रत्येकाने आपल्या ठरवाव्यात, पण त्या मजल्यागणिक बदलू नयेत. मी दारासाठी आडवी छोटी रेघ, कुलपासाठी लाल टिंब, कोनाड्यासाठी अर्धवर्तुळ, दाबल्या जाणाऱ्या फरशीसाठी चौकटीतली फुली आणि खड्ड्यासाठी निळे भरीव वर्तुळ वापरतो. ज्या खुणेचा अर्थ कळलेला नाही, तिच्याशेजारी क्रमांक लिहून समासात टिपण करावे: ‘४: भिंतीवर लेख, वाचला; ५: खटका ओढला, दूर कुठेतरी दार सरकल्याचा आवाज’. दोन मजल्यांनंतर अशा टिपणाची किंमत कळते.

फरशीचा एक प्रसंग जवळून पाहू. फरशीवर चमू उभा असताना समोरचे दार उघडते आणि पाऊल काढताच बंद होते. अशा वेळी पहिल्या मजल्यावर मिळालेले दगड उपयोगी पडतात. एक दगड फरशीवर ठेवला की दार उघडेच राहते. काही फरश्या खड्ड्यापलीकडे असतात आणि तेथे वस्तू फेकावी लागते. म्हणून निरुपयोगी वाटणारी वस्तूही टाकून देऊ नये, आणि टाकलीच तर कुठे टाकली हे नकाशावर लिहावे. जमिनीवर ठेवलेली वस्तू तेथेच राहते, हा ‘डंजन मास्टर’ आणि ‘आय ऑफ द बिहोल्डर’ या दोन्ही खेळांचा मोठा उपकार आहे: सारख्याच दिसणाऱ्या बोगद्यांत आपण नकळत दुसरीकडे फेकले गेलो असल्याची शंका आली, तर एक दगड ठेवून चालू लागावे. काही पावलांत तोच दगड पुन्हा दिसला किंवा दिसायला हवा तेथे दिसला नाही, की संशय फिटतो. आपल्याला न कळत दिशा फिरवणारे घर मात्र होकायंत्रावर नजर ठेवल्यानेच पकडता येते.

नकाशा निम्म्याहून अधिक भरला की खेळ थांबवावा आणि नुसता कागद पाहावा. चोहोबाजूंनी बोगदे आणि मध्ये तीन बाय तीन घरांचा कोरा तुकडा उरला असेल, तर तेथे काहीतरी आहे असे समजून चालावे. मग त्या तुकड्याला लागून असलेली प्रत्येक भिंत निरखावी: कुठे एखादी वीट वेगळी दिसते, कुठे हाताला लागेल एवढे बारीक बटण असते, तर कुठे भिंत केवळ भास असते आणि सरळ चालत गेल्यास आरपार जाता येते. कागदावरच्या रिकाम्या जागेवरून गुप्त खोली ताडणे आणि ती खरोखर उघडणे, यासारखे समाधान मला दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या खेळाने दिलेले नाही. आपोआप भरत जाणारा नकाशा समोर असला की ही रिकामी जागाही त्यावर दिसते, पण ती आपण मोजलेली नसते, म्हणून डोळा तिच्यावरून घसरून जातो.

पाचवी पायरी: लढाई आणि विसावा

दोन बाय दोन घरांची मोकळी जागा सापडली, तर एक जुनी युक्ती चालते: वार करावा, शत्रूचा वार येण्याआधी बाजूच्या घरात सरकावे, तो समोर येऊ लागताच वळून पुन्हा वार करावा. ‘डंजन मास्टर’पासून खेळाडू ही युक्ती वापरत आले आहेत. चौथ्या मजल्यावरच्या विषारी कोळ्यांसमोर ती जरूर वापरावी, पण प्रत्येक लढाईत वापरली तर भीतीच नाहीशी होते आणि भुयार रिकामे वाटू लागते. विसावा घ्यायचा तो दार लावून, एकच वाट असलेल्या खोलीत.

सहावी पायरी: अडल्यावर

तयार नकाशे आणि उत्तरे सर्वत्र उपलब्ध आहेत. तो मजला पूर्ण होईपर्यंत ती उघडू नयेत. अडल्यास आधी समासातली टिपणे वाचावीत, मग न उघडलेली कुलपे आणि न वापरलेल्या किल्ल्या यांची यादी जुळवावी, त्यानंतर प्रत्येक बंद टोकाची भिंत पुन्हा पाहावी. तरीही सुटले नाही तर संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी बसावे. उत्तर पाहायचेच झाले तर तेवढ्या एका कोड्याचे पाहावे, पूर्ण नकाशा पाहू नये.

शेवटाबद्दल आधीच सांगून ठेवतो. बाराव्या मजल्यावर झनाथर या अखेरच्या शत्रूला हरवल्यानंतर डॉस आवृत्ती थोडक्या मजकुरावर संपते. अमिगा संगणकाच्या आवृत्तीत मात्र समारोपाची चित्रफीत होती. एवढ्या प्रवासानंतर हे खटकते. पण हाच चमू दुसऱ्या भागात नेता येतो, म्हणून शेवटची सेव्ह फाइल जपावी.

त्यानंतर

नव्या खेळांत जुनी चव हवी असेल, तर फिनलंडच्या ऑलमोस्ट ह्यूमनचा २०१२ सालचा ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ घ्यावा. त्यात आपोआप नकाशा बंद करण्याची ‘ओल्ड स्कूल’ पद्धत निवडता येते. जपानमध्ये तर २००७च्या ‘एट्रियन ओडिसी’ने निंटेंडो डीएसच्या खालच्या पडद्यावर खेळाडूला स्वतःच नकाशा काढायला लावला.

आता ‘विझर्ड्री’कडे वळण्याइतका हात बसलेला असतो. डिजिटल इक्लिप्सने २०२४ मध्ये पूर्ण केलेल्या नव्या आवृत्तीत ॲपल टूवरचे मूळ दृश्य पडद्याच्या कोपऱ्यात पाहता येते. मजला २० बाय २० घरांचा, सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून, तोंड उत्तरेकडे. त्यामुळे येथे मधून नव्हे, कोपऱ्यातून आखणी करावी. उत्तरेच्या कडेपलीकडे पाऊल टाकले की चमू दक्षिणेच्या कडेला निघतो, म्हणून नकाशा कागदाबाहेर जाऊ लागला तर गोंधळू नये. होकायंत्र नसते, त्याऐवजी जादूगाराचा ‘ड्युमापिक’ हा पहिल्याच पातळीचा मंत्र भुयाराच्या वरच्या किल्ल्याच्या जिन्यापासून आपण किती घरे पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती खाली आहोत ते सांगतो. काळोख्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर किंवा दिशा फिरल्याची शंका येताच तो म्हणावा. अख्खा चमू मारला गेला, तर त्यांचे देह तेथेच पडून राहतात आणि किल्ल्यात नवा चमू उभारून त्यांना आणायला जावे लागते. म्हणून प्रत्येक अनोळखी दार उघडण्याआधी आपण उभे असलेले घर कागदावर टिंबाने नोंदवावे.