होमब्रू (घरी बनवलेले) पंजा, शर्यत, कबड्डीचे नियम लिहिताय? या चुका टाळा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) मध्ये मारामारीचे नियम पानंच्या पानं आहेत, पण जत्रेत पंजा लढवायचा किंवा पळायची शर्यत लावायची म्हटलं की पुस्तकातून हाती येतो एक ऍथलेटिक्सचा (अंगमेहनतीच्या कौशल्याचा) रोल, बस. मग डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) स्वतःचे नियम लिहायला बसतात आणि बरेच जण त्याच त्याच ठिकाणी अडकतात. इथलं सगळं पाचव्या एडिशनला (२०१४ ची पुस्तकं आणि त्यांची २०२४ ची सुधारित आवृत्ती) धरून आहे.

पैलवान हरतो, विझार्ड जिंकतो

अख्खा सामना एका रोलवर ठेवला की हेच होणार. स्ट्रेंग्थ २० चा बार्बेरियन (रांगडा लढवय्या) म्हणजे फाश्याच्या आकड्यात +५, स्ट्रेंग्थ ८ चा विझार्ड म्हणजे -१. प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) वगैरे सोडून द्या, दोघांनी एकेकदा डी२० (२० बाजूंचा फासा) टाकला तर विझार्ड १०० पैकी साधारण २३ वेळा जिंकतो! डी२० चा पसाराच एवढा मोठा आहे की ६ चा फरक त्यात कुठे बुडाला कळतही नाही. बरोबरी झाल्यावर परत टाकायचं ठरवून ३ पैकी २ जिंकायचे केले तर विझार्डचा चान्स १४ टक्क्यांवर येतो, ५ पैकी ३ केले तर ९ वर.

पण नुसते रोल वाढवले की दुसरा आजार होतो, कंटाळा. पाच वेळा फासा टाकला आणि एकदाही काही ठरवावं लागलं नाही, मग तो खेळ कसला. म्हणून पंज्यासाठी दर फेरीला तीन पर्याय द्या: जोर, दम, हूल. दोघांनी लपवून निवडायचं, एकदम दाखवायचं. जोर हुलीवर भारी, हूल दमावर भारी, दम जोरावर भारी, आणि ज्याची निवड भारी त्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). जोराला स्ट्रेंग्थ, दमाला कॉन्स्टिट्यूशन, हुलीला कॅरिस्मा. आधी तीन फेऱ्या मारेल तो जिंकला. विझार्डलाही डोकं चालवायला जागा मिळते आणि बार्बेरियन उगाच तोंडघशी पडत नाही.

रेजचा (बार्बेरियनच्या संतापाचा) निर्णय मात्र आधीच करून टाका. रेजमध्ये स्ट्रेंग्थ चेकला (स्ट्रेंग्थच्या रोलला) ॲडव्हान्टेज मिळतो, पण २०१४ च्या नियमांत कोणावर हल्ला केला नाही किंवा मार खाल्ला नाही तर रेज उतरतो, म्हणजे पंजा लढवताना सहा सेकंदांत भाऊ शांत. यावरून टेबलावर भांडणं होतात.

शर्यत इनिशिएटिव्हवर जिंकली जाते

माणसाचा स्पीड ३० फूट, वुड एल्फचा ३५, दोघंही डॅश (दुप्पट पळणं) करतायत म्हणजे राऊंडला (सहा सेकंदांच्या फेरीला) ६० आणि ७० फूट. शर्यत ३०० फुटांची. चार राऊंडनंतर एल्फ २८० वर, माणूस २४० वर. इनिशिएटिव्हने, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या रोलने, पाचव्या राऊंडला माणसाची पाळी आधी असेल तर तो ६० फूट जाऊन पहिला येतो, आणि ४० फूट पुढे असलेला एल्फ बघत बसतो. म्हणून शर्यतीत पाळ्या ठेवूच नका, सगळे एकदम पळाले असं धरा आणि रेघ ओलांडली त्या राऊंडला कोण जास्त पुढे गेलं ते बघा. प्रत्येक राऊंडला ऍथलेटिक्स: १५ किंवा वर आला तर १० फूट जास्त, ५ किंवा खाली आला तर १० फूट कमी. रोग (चोरटा) आणि माँक (संन्यासी योद्धा) या क्लासचे खेळाडू बोनस ॲक्शनने (पाळीतल्या जादा कृतीने) अजून एक डॅश मारतात, त्यांच्याबरोबर फायटरला पळवणं म्हणजे निकाल आधीच लागलाय.

दमणूक म्हणून एक्झॉशन (थकव्याचा नियम) लावायचा मोह होतो तो आवरा. २०१४ मध्ये पहिल्याच लेव्हलला सगळ्या ॲबिलिटी चेकना डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा) लागतो, म्हणजे जो एकदा मागे पडला तो पडतच जातो आणि पुढचे राऊंड उगाच खेळायचे.

कबड्डी

आपल्याकडच्या डीएमना ही कधी ना कधी सुचतेच. चढाई ३० सेकंदांची म्हणजे बरोब्बर पाच राऊंड, इथपर्यंत छान जमतं. मग कोणीतरी म्हणतं दमासाठी श्वास रोखायचा नियम वापरू. अहो, त्या नियमात कॉन्स्टिट्यूशन कितीही वाईट असला तरी किमान ३० सेकंद श्वास रोखता येतोच! म्हणजे कोणाचाच दम कधी तुटणार नाही.

दुसरी भानगड ग्रॅपलची (पकडीच्या नियमाची). एकाने पकडलं की स्पीड शून्य, चढाई खल्लास. खऱ्या कबड्डीत चढाईपटू दोघांना अंगावर घेऊन मधल्या रेषेपर्यंत घासत येतो, सगळी मजा तिथेच तर आहे. त्यामुळे स्पीड शून्य करू नका, प्रत्येक पकडीला १० फूट कमी करा. ३० स्पीडवाला मग तिघांनी धरल्यावरच थांबतो, आणि दर राऊंडला ऍथलेटिक्स जिंकून एक पकड सोडवू शकतो. २०२४ च्या पुस्तकात ग्रॅपलला फक्त समोरच्याचा सेव्हिंग थ्रो (बचावाचा रोल) असतो, पकडणारा फासा टाकतच नाही. इथे जुना, दोघांनी टाकायचा प्रकारच घ्या, झटापट वाटते.

बाकीचे चौघं फोन बघतायत

एकाची कुस्ती चालू असताना बाकीच्यांना काम द्या. पैजा लावू दे, समोरच्या पैलवानाची खोड शोधू दे, चीटिंग करू दे. जादूला सरसकट बंदी घालायची गरज नाही, पंच नेमा. गाइडन्स (रोलला मदत करणारा मंत्र) द्यायला खेळाडूला हात लावावा लागतो, तोंडाने मंत्र आणि हाताने खुणाही कराव्या लागतात, म्हणजे भर फडात ते लपणार नाही, लपवायचं तर कोणीतरी आधी पंचाला बोलण्यात गुंतवा. सॉर्सररकडे (जन्मजात जादूगाराकडे) सटल स्पेल असेल तर पंचाला मंत्र किंवा खुणा काही दिसणार नाहीत, पण त्याने त्यासाठी पॉइंट खर्च केलाय, मग करू दे.