नागपुरात जमिनीवर सोलर उभारताय? या चुका टाळा

घरामागे किंवा वावराच्या कोपऱ्यात मोकळी जागा असली की जमिनीवरचं सोलर छतापेक्षा सोपं वाटतं. पॅनल धुवायला शिडी लागत नाही, स्लॅबला भोकं पाडावी लागत नाहीत. पण अशा संचात पॅनल स्वतःहून बिघडण्याचे प्रसंग कमीच. घोटाळे होतात ते पायाभरणीत, जोडांत आणि आकडेमोडीत. खालचे आकडे ३.३ किलोवॉटच्या संचाचे आहेत: ५५० वॉटचे ६ पॅनल, प्रत्येकी साधारण २२७८ × ११३४ मिलिमीटर, वजन २८ किलो, ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) ४९.८, चालू करंट १३ अँपिअर. तुमच्या पॅनलमागच्या स्टिकरवर वेगळे आकडे असतील तर तेच धरा.

आधी माल घेऊन मग अर्ज करणं

नेट मीटर हवा असेल तर महावितरणचा अर्ज आधी करा आणि एएलएमएम यादीतलेच, म्हणजे केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतलेच पॅनल घ्या. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान नोंदणीकृत व्हेंडरमार्फतच मिळतं, त्यामुळे स्वतः उभारणीतून वाचणारे पैसे आणि जाणारं अनुदान यांचा हिशेब अगोदर मांडा. पाया, स्ट्रक्चर, चर खणणं ही कामं घरची माणसं करू शकतात; मीटरकडची जोडणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. लाइन गेल्यावर आपोआप बंद न होणारा इन्व्हर्टर चोरून ग्रिडला जोडणं म्हणजे खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ.

काळ्या मातीत दीड फुटाचा खड्डा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. उथळ पाया दरवर्षी थोडा उचलला जातो आणि परत होता तिथे बसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत एक पाय वर, दुसरा खाली होतो, स्ट्रक्चरला पीळ बसतो, क्लॅम्प ढिले पडतात आणि शेवटी तो ताण पॅनलच्या काचेवर येतो. मग ‘पॅनलच खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण.

म्हणून आधी सबलीने एक चाचणी खड्डा घ्या. शहराच्या पश्चिमेला, हिंगणा-वाडीकडे बेसाल्टचा पट्टा आहे. तिथे बऱ्याच जागी मुरूम लवकर लागतो. पण शेजाऱ्याच्या खड्ड्यावर विसंबू नका, शंभर फुटांवरही फरक पडतो. मुरूम ३ फुटांवर लागला तर पाया त्याच्या आत किमान १ फूट न्या. काळी माती ६-७ फुटांच्याही खाली जात असेल तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात, साधारण साडेतीन मीटर खोल. ते बोअर मारणाऱ्याचं काम आहे, फावड्याचं नाही. आणि काँक्रीटभोवती निघालेली काळी मातीच परत लोटू नका. मुरूम भरून, पाणी मारून, थर-थर कुटा.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो येतो. आपल्या ६ पॅनलचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर, म्हणजे वादळात ढोबळमानाने १८०० किलोची उचल. (कोन आणि आकाराप्रमाणे गुणक बदलतो, पण तयारी एवढ्याची ठेवा.) एक फुटी चौकोनी ठोकळे ४ टाकले तर त्यांचं वजन भरतं जेमतेम २७० किलो. मान्सूनपूर्व वावटळीत टेबल उलटं होतं ते यामुळे.

१८ × १८ इंच आणि ४ फूट खोल असे ६ पाये घ्या. प्रत्येक ६०० किलोच्या वर जातो. एम-२० काँक्रीट (सिमेंट १ : वाळू दीड : गिट्टी ३), जमिनीवर १ फूट उंच पेडेस्टल, सगळं मिळून सिमेंट १३-१४ पोती. एप्रिल-मेमध्ये ओतत असाल तर ओलं पोतं गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी मारा, नाहीतर काँक्रीट लवकर वाळतं, वरून तडकतं आणि पुरती ताकद धरत नाही. १० दिवसांच्या आत पॅनल चढवायची घाई नको.

स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच घ्या. जागेवर वेल्डिंग केलंत की तिथला जस्ताचा थर जळतो. त्यावर नुसता चंदेरी रंग चालत नाही, झिंक-रिच कोटिंग लागतं. पॅनलच्या फ्रेमला स्वतः भोकं पाडू नका, वॉरंटी जाते.

कोन, सावली, उंची

तोंड दक्षिणेला, कोन २१ अंश. यात फार डोकं घालू नका, दोन-तीन अंशांनी काही बिघडत नाही. बिघडतं सावलीने. उभ्या पॅनलच्या दोन रांगा असतील तर २१ डिसेंबरला सकाळी ९ वाजता पुढच्या रांगेची सावली मागे सुमारे १.१ मीटरपर्यंत जाते. मध्ये दीड मीटर मोकळं सोडा. खालची कड जमिनीपासून किमान अडीच फूट वर हवी. नाहीतर पावसाचा चिखल उडतो, गाजरगवत खालच्या सेलवर डोकं काढतं आणि शेळ्यांना बसायला सावली मिळते, ती वेगळीच. खाली ३ इंच गिट्टी पसरा.

थंडीचं व्होल्टेज विसरणं

नागपूर म्हटलं की सगळे उन्हाचा विचार करतात. उपकरण जळतं ते मात्र थंडीत. पॅनलचं व्होल्टेज तापमान उतरलं की चढतं, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. १५० व्होल्टचा चार्ज कंट्रोलर (बॅटरी चार्ज करणारा) आहे आणि ३ पॅनल सिरीजमध्ये जोडले, तर २५ अंशांना बेरीज होते १४९.४. कागदावर बसलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ५ अंशांवर गेला की तेच व्होल्टेज १५७ होतं आणि सूर्य उगवताच कंट्रोलर कायमचा बसतो. अशा कंट्रोलरला २-२ चीच जोडी लावा. ग्रिडच्या स्ट्रिंग इन्व्हर्टरला सहाही सिरीजमध्ये चालतात, कारण थंडीतही ते ३१५ च्या आसपास राहतं आणि इन्व्हर्टरची मर्यादा सहसा ५०० किंवा त्याहून जास्त असते. तरी डेटाशीट पाहा.

उलट बाजू नवतप्यात दिसते. सेल ७२ अंशांपर्यंत तापतो आणि सुमारे १६ टक्के वॉट तिथेच जातात. इतर घट धरून भर दुपारी ३.३ किलोवॉटच्या संचाने २.५ ते २.६ दाखवले तर काही बिघडलेलं नाही.

वायर आणि जोड

पॅनलपासून इन्व्हर्टर ४० मीटरवर असेल तर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरचा जाऊन-येऊन रोध ०.४ ओहम होतो. ६ पॅनल सिरीजमध्ये असताना त्यात ५ व्होल्ट पडतात, म्हणजे सुमारे २ टक्के. तेच पॅनल २-२ च्या ३ जोड्या करून त्याच वायरीवर आणले तर करंट ३९ अँपिअर होतो आणि ८४ पैकी साडेपंधरा व्होल्ट वाटेतच गारद. घरातली उरलेली पीव्हीसी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते. सोलर डीसी केबलच घ्या आणि ती एचडीपीई पाइपातून २ फूट खोल न्या.

एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारे) पकडीने दाबू नका, क्रिंपिंग टूल भाड्याने आणा. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क नीट होत नाही आणि जोड वितळतो. डीसी बाजूला एसीचा एमसीबी लावणं तर सरळ आगीला आमंत्रण: एसीची ठिणगी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येऊन विझते, डीसीची विझतच नाही.

अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नका. ओल्या काळ्या मातीत कुठलाही रॉड चांगलाच आकडा देतो. मे महिन्यात रॉडभोवती भेग पडल्यावर ५ ओहमच्या आत येतो का, ते पाहा. फ्रेमवर ॲनोडायझिंगचा, वीज न वाहणारा थर असतो, म्हणून अर्थची वायर दातेरी वॉशर घालूनच आवळा.

पावसात ‘आयसोलेशन फॉल्ट’

सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा लावून बसतो, ११ वाजता आपोआप सुरू होतो. कुठेतरी ओल शिरली आहे: अर्धवट बसलेला कनेक्टर, उंदराने कुरतडलेली केबल. दुपारी मेकॅनिक बोलावलात तर त्याला काही सापडणार नाही, तोवर सगळं वाळलेलं असतं.

फॉल्ट चालू असतानाच डीसी आयसोलेटर बंद करून पॅनलच्या बाजूला प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ असं व्होल्टेज मोजा. मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीचा, हातात रबरी मोजे, पायाखाली कोरडी फळी. हे ३०० व्होल्ट माणूस मारतात, हात कापत असेल तर इलेक्ट्रिशियनला उभं करा. आकडे हळूहळू शून्याकडे उतरले तर पक्का फॉल्ट नाही. प्लस २०० आणि मायनस १०० वर स्थिर राहिले, तर मायनसकडून मोजत दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलमधला जोड उघडा, कारण एकेक पॅनल ५० व्होल्टचा आहे. एक आकडा जवळपास शून्य आला तर त्या बाजूची जमिनीतली केबल गेली.

दुपारी १२ ते २ बंद

ऊन कडक आणि इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दाखवून थांबतो. बरेच इन्व्हर्टर २५३ व्होल्टच्या वर बाहेर पडतात. मीटरवर २४६ असतील आणि तिथून इन्व्हर्टरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची ४० मीटर वायर असेल, तर १४ अँपिअरला तिच्यातच ८ व्होल्ट चढतात आणि इन्व्हर्टरला २५४ दिसतात. ६ चौरस मिलिमीटरची टाकली की चढ साडेतीनवर येतो. मीटरवरच २५० च्या पुढे असेल तर वायर बदलून उपयोग नाही. दुपारच्या वेळी तीन-चार दिवस आकडे लिहून महावितरणकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप तपासायचा अर्ज द्या. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन मर्यादा स्वतः वाढवू नका.