ऑडिटच्या आधी: सॅपमध्ये नाजूक टीकोड नेमकं कोण चालवतं?

ऑडिटची तारीख कळली की आधी सॅपचा (कंपनीचा हिशोब, खरेदी, साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर) सिक्युरिटी ऑडिट लॉग, म्हणजे कोणी काय चालवलं याची नोंद, चालू आहे का, तेवढं बघा. बाकीची कामं दोन दिवस मागेपुढे झाली तरी चालतात. लॉग बंद असेल तर गेलेल्या दिवसांची नोंद परत मिळत नाही. जुन्या सिस्टिमवर एसएम१९, नव्यावर आरएसएयू_कॉन्फिग उघडून फिल्टरमध्ये टीकोड (सॅपमधलं एखादं काम उघडणारा छोटा कोड) सुरू केल्याची नोंद होते ना, ते तपासा. लॉगच्या फाइल किती दिवसांनी पुसतात, हे बेसिसवाल्यांना, म्हणजे सॅपची सिस्टिम सांभाळणाऱ्यांना, विचारा.

मग नाजूक टीकोडची, म्हणजे ज्यांचा गैरवापर महागात पडेल अशांची, यादी. ती करताना अकाउंट्सचा माणूस शेजारी बसवाच. एसयू०१ (युजर), पीएफसीजी (अधिकारांचे रोल), एसई१६एन (टेबलमधला डेटा) आपल्यालाही सुचतात. पण एक्सके०२ने व्हेंडरचं बँक खातं बदलणारा आणि एफ११०ने पेमेंट सोडणारा एकच निघाला तर काय होईल, हे त्याला चटकन दिसतं. एस/४हाना (सॅपची नवी आवृत्ती) असेल तर व्हेंडर बीपी (बिझनेस पार्टनर) या टीकोडमधून बदलतो, तोही यादीत घ्या.

एसयूआयएमचा रिपोर्ट काढून थांबू नका. तिथे अधिकार कोणाला आहे ते कळतं. प्रत्यक्ष चालवला कोणी, ते एसएम२० किंवा आरएसएयू_रीड_लॉगमध्ये. दोन्ही याद्या शेजारी लावा. मी एका कारखान्यात लावल्या तेव्हा एक्सके०२चा अधिकार २१ जणांकडे होता, तीन महिन्यांत चालवणारे फक्त ४. उरलेल्या १७ जणांचा काढला, एकाचाही फोन आला नाही. पण त्या चारांत स्टोअरचा सामाईक आयडी होता. लायसन्स वाचवायला तिन्ही शिफ्टमधले सहा जण एकच पासवर्ड वापरत होते, तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. असे आयडी ऑडिटरच्या आधी तुम्ही शोधा आणि सहा माणसांना सहा आयडी द्या. त्याशिवाय लॉगमधल्या नावाला काही अर्थ नाही.

लॉग सांगतो टीकोड उघडल्याचं. आत काय बदललं ते सीडीएचडीआर आणि सीडीपीओएस या टेबलांमध्ये असतं. बँक खात्याचे चार-पाच बदल निवडा, प्रत्येकाला व्हेंडरचं पत्र, रद्द केलेला चेक आणि मंजुरीचा मेल जोडून ठेवा. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरला बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल बंधनकारक आहे आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. त्यामुळे डेटाबेसमध्ये थेट शिरू शकणाऱ्यांची नावंही तयार ठेवा, हा प्रश्न हमखास येतो.