ऑफिसचा डेस्कटॉप, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल : तिन्हीकडे सारखेच मेल कसे दिसतील?

छोट्या ऑफिसांत हे हमखास बघायला मिळतं. पार्टी फोनवर म्हणते, "परवाच मेल टाकलाय, कोटेशन बघा की", आपण नेमके बाहेर, मोबाइलमध्ये शोध शोध शोधायचं तर काहीच नाही, मग ऑफिसला फोन करून कोणाला तरी कॉम्प्युटर चालू करायला सांगायचा आणि त्याने स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. उलटंही होतं, तुम्ही मोबाइलवरून दिलेलं उत्तर डेस्कटॉपवर दिसतच नाही, म्हणून तिथला माणूस त्याच पार्टीला वेगळाच रेट कळवून मोकळा.

यात दोष ना मोबाइलचा असतो ना नेटचा. बहुतेक वेळा ऑफिसच्या त्या जुन्या मशीनवर कोणीतरी कधीकाळी अकाउंट पॉप नावाच्या जुन्या पद्धतीने जोडून ठेवलेलं असतं, बस.

मेल आधी मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर येतात, आणि तिथले मेल आपल्याकडे बघायच्या दोन पद्धती, पॉप आणि आयमॅप. सोसायटीच्या बोर्डावरची नोटीस एकाने काढून घरी नेली की बाकीच्यांना बोर्ड रिकामा, ते झालं पॉप. नोटीस बोर्डावरच राहते, ज्याला हवी त्याने येऊन वाचावी, ते आयमॅप. पॉप १९८४ सालचं आहे, एक माणूस एक कॉम्प्युटर असा तो हिशोब, लाइन जोडायची, मेल उतरवून घ्यायचे आणि लाइन सोडायची. आणि आयमॅप काही फार नवीन नाही बरं का, मार्क क्रिस्पिनने स्टॅनफर्डला असताना १९८६ मध्ये ते काढलं. त्यात मेल तर सर्व्हरवर राहतोच, पण तो वाचला की नाही, उत्तर दिलं की नाही, स्टार लावलाय का, या खुणाही तिथेच राहतात, म्हणून इकडे वाचलेला तिकडे वाचलेला दिसतो.

पहिलं काम, कुठलं मशीन पॉपवर आहे ते शोधा. जुन्या आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, परत अकाउंट सेटिंग्ज असं गेलात की यादी येते, टाइपच्या रकान्यात पॉप की आयमॅप ते लिहिलेलंच असतं. थंडरबर्डमध्ये (हाही आउटलुकसारखाच मेलचा प्रोग्राम) अकाउंट सेटिंग्जमधलं सर्व्हर सेटिंग्ज उघडा. आउटलुकच्या पॉप अकाउंटला मोअर सेटिंग्ज, अॅडव्हान्स्डमध्ये सर्व्हरवर कॉपी ठेवा अशी टिक असते आणि तिच्याखाली "इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढा" अशी दुसरी, तिथे बहुधा १४ दिवस टाकलेले असतात. नवे मेल मोबाइलवर दिसतात पण दोन आठवड्यांपूर्वीचे गायब, अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी आधी हेच बघावं.

जीमेल असेल तर भानगड थोडी वेगळी. तिथे पॉपने मेल नेल्यावर मूळ कॉपीचं काय करायचं हे जीमेलच्याच सेटिंग्जमध्ये ठरतं, इनबॉक्समध्ये ठेवा, अर्काइव्ह करा किंवा डिलीट करा. अर्काइव्ह निवडलेलं असेल तर मेल गेलेला नसतो, इनबॉक्समधून फक्त उठलेला असतो, ऑल मेलमध्ये शोधा, सापडेल.

दुसरं काम बॅकअप, आणि हे करायच्या आधी कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही. पॉपच्या मशीनवरचे जुने मेल जगात फक्त त्याच हार्ड डिस्कवर असू शकतात. आउटलुक बंद करा, डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स फोल्डरातली पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक मेल साठवतं ती फाइल, पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. थंडरबर्डला हेल्पमधून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डर सापडतो, मग थंडरबर्ड बंद करून तो अख्खा कॉपी करा. हे झालं की पॉप थांबवा. जीमेलला ब्राउझरमध्ये सेटिंग्ज, फॉरवर्डिंग अँड पॉप आयमॅप, तिथे पॉप डिसेबल करून सेव्ह.

आता त्याच मशीनवर तोच आयडी नव्याने आयमॅप म्हणून जोडायचा. जुनं पॉप अकाउंट तसंच्या तसं आयमॅपमध्ये बदलता येत नाही, त्यात वेळ घालवू नका, आणि जुनं लगेच उडवूही नका. जीमेलसाठी येणाऱ्या मेलचा सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल. जाणाऱ्याचा एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ किंवा ५८७. थंडरबर्ड हे स्वतःच भरतं आणि गुगलची साइन-इनची खिडकी उघडतं. जुनं आउटलुक मात्र नेहमीचा पासवर्ड टाकला की चुकीचा चुकीचा म्हणून रडत बसतं, कारण गुगलने साध्या पासवर्डवर बाहेरच्या अॅपला आत घेणं बंद केलंय. तिथे गुगल अकाउंटमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड बनवायचा आणि तो टाकायचा. टू-स्टेप चालू नसेल तर अॅप पासवर्डचा पर्यायच दिसत नाही, लोक इथेच अडकतात. हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमच्या पर्सनल आयडीला सप्टेंबर २०२४ पासून नुसता पासवर्ड चालत नाही, त्यामुळे फार जुनं आउटलुक असेल तर ते सोडा आणि थंडरबर्ड टाका, फुकट आहे. कंपनीच्या डोमेनचा आयडी असेल, म्हणजे @ नंतर कंपनीचं नाव येत असेल, तर सर्व्हरचं नाव ज्याच्याकडून मेल घेतलाय त्या होस्टिंगवाल्याला विचारा, पोर्ट शक्यतो ९९३च असतो.

यातलं खरं वेळखाऊ काम म्हणजे जुने मेल वर चढवणं. पॉपच्या फोल्डरातले मेल सिलेक्ट करायचे आणि आयमॅपच्या फोल्डरात कॉपी करायचे, मूव्ह नाही, कॉपी, मध्येच लाइट गेली तर मूळ तरी जागेवर पाहिजे. सगळं एकदम ओढू नका, वर्षावर्षाचे फोल्डर करा, २०१९, २०२० असे, एक चढला की दोन्हीकडचा आकडा जुळवायचा आणि मग पुढचा. जीमेलला आयमॅपमधून दिवसाला साधारण ५०० एमबीच चढवता येतं, त्याच्या वर गेलात की अकाउंट काही तास अडकू शकतं, म्हणून रोज संध्याकाळी ऑफिस बंद करताना एक फोल्डर लावून जावं. आणि जागा आधी बघा! जीमेलचे फुकटचे १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंनाही धरून आहेत, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ तिथे असतील तर आधी ते हलवा. होस्टिंगवाल्यांचा मेलबॉक्स तर बऱ्याचदा अगदीच लहान असतो, तो भरला की नवे मेल परत जायला लागतात आणि मग पार्टी आपल्यावरच ओरडते.

पाठवलेल्या मेलचं सेटिंग बघायला सगळे विसरतात. डोमेनच्या आयडीवर एक प्रोग्राम सेंट नावाचा फोल्डर धरतो, दुसरा सेंट आयटम्स नावाचा वेगळाच बनवतो, झाली ना अर्धी सेंट इकडे अर्धी तिकडे. थंडरबर्डला कॉपीज अँड फोल्डर्समध्ये जाऊन सर्व्हरवरचा सेंट, ड्राफ्ट्स आणि ट्रॅश निवडा, लोकल फोल्डर्समधले नकोत. मोबाइलवरही तेच फोल्डर आहेत ना ते बघा. जीमेलवाल्यांनी मात्र थंडरबर्डमध्ये सेंटची कॉपी ठेवायची टिक काढली तरी चालतं, जीमेल स्वतःच कॉपी ठेवतं.

घरच्या लॅपटॉपवर हेच परत, फक्त जुने मेल चढवायची कटकट नाही, ते आता वरून आपोआप खाली येतात. आउटलुकमध्ये किती महिन्यांचे मेल खाली ठेवायचे असा स्लायडर असतो, तो वर्षावर असेल तर त्याआधीचे दिसणार नाहीत, ते गेलेले नाहीत, ऑलवर न्या.

मोबाइलला अँड्रॉइडवर जीमेल अॅपच पुरे, डोमेनचा आयडीही त्यात आयमॅप निवडून जोडता येतो. अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये सिंक जीमेलची टिक आहे का बघा, आणि खाली किती दिवसांचे मेल सिंक करायचे ते, तिथे ३० असतात, रेंज नसलेल्या गावात जुना मेल लागत असेल तर वाढवा. मेल उशिरा येत असतील तर बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून जीमेलला वगळा, काही फोन अॅप परस्पर झोपवून टाकतात. आयफोनवर अॅपलच्या मेल अॅपला जीमेलचा पुश मिळत नाही, ते ठराविक वेळाने जाऊन बघून येतं, लगेच हवा असेल तर तिथेही जीमेलचंच अॅप घ्या.

सगळं जोडून झालं की तपासा. मोबाइलवरून एक मेल पाठवा, डेस्कटॉपच्या सेंटमध्ये आला का. लॅपटॉपवर एकाला स्टार लावा, मोबाइलवर दिसला का. एखादा फालतू मेल डिलीट करा, तिन्हीकडून गेला का. यातलं जे फसेल तिथलं सेटिंग परत बघा, आणि हे जमेपर्यंत जुनं पॉप अकाउंट काढू नका.

फिल्टर लावायचे तर ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लावा. थंडरबर्डमध्ये लावलेला फिल्टर ते मशीन चालू असेल तरच चालतो, रविवारी ऑफिस बंद की मोबाइलवर सगळा कचरा इनबॉक्समध्येच. कॉन्टॅक्ट्स आणि सही आयमॅपमधून येत नाहीत, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं बघावं लागतं.

आणि आता कोणी एका मशीनवर चुकून मेल उडवला तर तो तिन्हीकडून उडणार, जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतो, नंतर नाही. म्हणून दर तिमाहीला, जीएसटीचं काम उरकलं की, गुगल टेकआउटमधून (गुगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) सगळ्या मेलची एकत्र एमबॉक्स फाइल उतरवून बाहेरच्या डिस्कवर टाकून द्या. जुना डेस्कटॉप भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर त्याआधी गुगल अकाउंटच्या डिव्हाइसेसमध्ये जाऊन त्याला साइन आउट करा, त्याचा अॅप पासवर्ड असेल तर तोही काढा, आणि डिस्कवरची पीएसटी फाइल तशीच राहिली नाही ना तेवढं बघा.