डार्करूममधून डिजिटलकडे: आधी एक्स्पोजरची सवय मोडा

कृष्णधवल निगेटिव्हवर हात बसलेले लोक सावल्यांना जपतात. सावलीतला तपशील फिल्मवर उमटलाच नाही, तर डेव्हलपर तो कुठून आणणार? उजळ भाग एक-दोन स्टॉप जास्त झाला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश), तरी प्रिंट काढताना एन्लार्जरखाली तेवढ्याच भागाला जास्त प्रकाश देऊन, म्हणजे बर्न करून, सावरता येतो. डिजिटलमध्ये हे नेमकं उलटं. सेन्सरचा पिक्सेल भरला की पुढचा प्रकाश नोंदलाच जात नाही. तिथे सपाट पांढरा डाग राहतो. स्लाइड फिल्म वापरलेल्यांना हे नवं नाही.

कॅमेरा रॉवर, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलवर, ठेवा. फोटो काढून हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) पाहा, मागच्या पडद्याच्या उजेडावर जाऊ नका. आलेख उजव्या कडेला आदळत असेल, तर १/३ स्टॉपने एक्स्पोजर कमी करत जा. लाल किंवा पिवळ्या भडक वस्तूंत एकच रंग आधी भरतो, म्हणून तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा पर्याय चालू करा. पाण्यावरची चकाकी, दिव्याची वात सपाट पांढरी झाली तर होऊ द्या. तिच्यासाठी अख्खी चौकट अंधारात ढकलली, की सावल्या उचलताना नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वर येतो.

आकाश गडद करणारा लाल फिल्टर पेटीतच राहू द्या. नेहमीच्या बायर सेन्सरवर (लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलांची जाळी) लाल पिक्सेल फक्त २५ टक्के असतात. फिल्टर लावला की बाकीच्यांना जवळपास काहीच मिळत नाही. रंगीत रॉ काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये कृष्णधवल करताना निळ्याचा स्लायडर खाली ओढा. फार ओढलात तर आकाशात दाणे येतात, डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उठते.

डॉजिंग-बर्निंगचं, म्हणजे हवा तो भाग उजळ-गडद करण्याचं, कसब मात्र जसंच्या तसं कामी येतं. मऊ कडेचा ब्रश घ्या, एका वेळी १/४ स्टॉप, आणि थर चढवत जा. पेपर ग्रेडचं, म्हणजे कॉन्ट्रास्ट ठरवण्याचं, काम सॉफ्टवेअरमधला कर्व्ह करतो.

प्रिंट काळपट येण्यामागे बहुतेकदा मॉनिटरचा झगझगाट असतो. मॉनिटर कॅलिब्रेट करून त्याचा उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणा. ६००० × ४००० पिक्सेलची फाइल ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २० × १३.३ इंच होते. पूर्ण कागद घालण्याआधी चेहरा आणि गडद सावली येईल अशी पट्टी त्याच कागदावर छापा, वाळू द्या, आणि ज्या उजेडात चित्र लागणार त्याच उजेडात तपासा.

दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.